ठाण्यातली कबुली आणि शाळेतलं रजिस्टर

(सुलतानपूर, तालुका लोणार, जिल्हा बुलढाणा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



‘पोलिसी खाक्या दाखवताच संशयिताने गुन्ह्याची कबुली दिली.’ हे वाक्य आपल्या वर्तमानपत्रांत इतक्या वेळा छापून येतं की वाचताना आपण थांबतही नाही. बातमी वाचायची आणि म्हणायचं, बरं झालं, सापडला एकदाचा. त्यानेच सांगितलं म्हटल्यावर आणखी काय पाहिजे?

मला आज या वाक्यावरच बोलायचं आहे. खाक्या दाखवून मिळवलेल्या कबुलीला आपला कायदा दीडशे वर्षांपासून पुरावा मानत नाही. पण कायदा मानत नसला तरी गाव मानतं, वर्तमानपत्र मानतं, आणि तपास तिथेच थांबतो. त्यात बोलणारा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा असेल, पालावर राहणारा किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला, तर त्याच्या तोंडचा शब्द फार सहज मिळतो आणि त्याची किंमत त्याला वर्षानुवर्षं मोजावी लागते. ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ आहे. म्हणून हा विषय इथे मांडावासा वाटला. अशा पोराला वाचवणारा कागद बहुतेक वेळा वकिलाच्या फाइलमध्ये नसतो, शाळेच्या कपाटात असतो.

आधी थोडा इतिहास. १८५५ साली मद्रास इलाख्यातल्या छळाच्या चौकशीचा अहवाल सादर झाला. सारा वसूल करायला आणि गुन्हा कबूल करून घ्यायला सरकारी माणसं रयतेला कशी छळतात, हे त्या आयोगाने साक्षी घेऊन नोंदवलं. पुढे १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि मग १८७२ च्या पुरावा कायद्यात नियम आला: पोलिस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येणार नाही. कोठडीत असताना दुसऱ्या कुणापुढे दिली तरी नाही, समोर मॅजिस्ट्रेट असल्याशिवाय नाही. परक्या राज्यकर्त्यांनीच आपल्या पोलिसांवरचा अविश्वास असा कायद्यात लिहून ठेवला. १ जुलै २०२४ पासून जुना पुरावा कायदा गेला आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम २३ मध्ये हा नियम तसाच ठेवलेला आहे.

पण या भिंतीला एक खिडकी आहे. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूपुरतं त्याचं बोलणं पुराव्यात येतं. जुन्या कायद्यातलं कलम २७ ते हेच. इथे बसलेल्यांपैकी काही जण कधी ना कधी पंच म्हणून ठाण्यात गेले असतील, त्यांना हे कलम नंबराने नसलं तरी अनुभवाने माहीत आहे. दोन पंच बोलावतात. ‘मी कुऱ्हाड नाल्याकाठच्या बाभळीखाली लपवली आहे, ती काढून देतो’ असं आरोपीचं निवेदन लिहितात, मग सगळे जीपमध्ये बसून नाल्यावर जातात, कुऱ्हाड निघते, पंचनामा होतो, सह्या होतात. खरोखर असं घडलं असेल तर तो चांगला पुरावा आहे. पण निवेदन आधीच लिहून ठेवलेलं असेल आणि पंच चहा पिऊन सही करून परतले असतील, तर बंद दारातून जे आत येऊ शकलं नाही ते खिडकीतून आलं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुब्रमण्य विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात स्पष्ट सांगितलं की आरोपी नेमकं काय बोलला ते त्याच्याच शब्दांत, पंचांच्या देखत नोंदलेलं असलं पाहिजे. तुम्हाला कधी पंच म्हणून बोलावलं तर एवढं लक्षात ठेवा. जे डोळ्यांनी पाहिलं नाही आणि कानांनी ऐकलं नाही, त्यावर सही करू नका. तुमच्या एका सहीवर कुणाची तरी दहा-वीस वर्षं जातात.

काही खास कायद्यांनी तर दारच उघडं ठेवलं. महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९९९ च्या मकोका कायद्यात पोलिस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली पुराव्यात चालते. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले, त्या खटल्यात अशाच कबुल्यांचा मोठा आधार होता. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशीची शिक्षा सुनावली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्या कबुल्या स्वेच्छेने दिलेल्या नव्हत्या, त्यांच्या मजकुरातले भाग नक्कल वाटावी इतके एकसारखे होते, छळाच्या तक्रारीला वैद्यकीय कागदांतून दुजोरा मिळत होता, असं न्यायालयाने म्हटलं. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असा आदेश दिला. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात पाठवलं नाही. प्रकरण पुढे जे व्हायचं ते होईल. पण त्या स्फोटांत ज्यांची माणसं गेली, त्यांच्या हातात एकोणीस वर्षांनी काय आलं, हा प्रश्न मला आरोपींच्या प्रश्नाइतकाच मोठा वाटतो.

आता मूळ शंकेकडे येतो. न केलेला गुन्हा माणूस कबूल कशाला करेल? मार खाल्ला तर समजू शकतं. पण मार नसतानाही?

शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक स्टीव्हन ड्रिझिन यांनी आयुष्याची बरीच वर्षं या एका प्रश्नाला दिली. समाजशास्त्रज्ञ आणि कायद्याचे अभ्यासक रिचर्ड लिओ यांच्याबरोबर त्यांनी २००४ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. कबुली दिलेली होती, पण माणूस निर्दोष होता हे पुढे निर्विवाद सिद्ध झालं, असे १२५ खटले त्यांनी गोळा केले. कुठे डीएनएने खरा गुन्हेगार दाखवला, कुठे गुन्हा घडलाच नव्हता, कुठे कबुली देणारा त्या वेळी दुसरीकडेच होता. बहुतेक प्रकरणं खुनाची होती. चौकशी किती वेळ चालली हे ज्या खटल्यांत कळू शकलं, त्यांत ती सरासरी सोळा तासांहून जास्त चालली होती. आणि जवळजवळ एक तृतीयांश कबुल्या अठरा वर्षांखालच्या मुलांच्या होत्या.

हा शेवटचा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. त्यामागचं कारण समजायला अमेरिकेला जायची गरज नाही. संध्याकाळी ठाण्यात आणून बसवलेल्या मुलाची कल्पना करा. बाप बाहेर फाटकाशी उभा आहे, त्याला आत येऊ देत नाहीत. मुलाला तहान लागली आहे, पण पाणी मागायची हिंमत नाही. एक जण दरडावतो, दुसरा जवळ बसून पाठीवर हात ठेवतो. म्हणतो, ‘तुझ्या दोस्ताने सगळं सांगितलंय. तू नुसतं हो म्हण, आत्ता घरी सोडतो.’ मोठ्या माणसाला निदान एवढं कळतं की हो म्हटल्यावर घरी कुणी सोडत नसतं. मुलाला ते कळत नाही. त्याच्या दृष्टीने आजची रात्र खरी, पुढची दहा वर्षं फार दूरची. शिवाय मोठ्यांच्या पुढे बोलू नये, विचारलं की हो म्हणावं, हे आपणच त्याला घरात आणि शाळेत शिकवलेलं असतं. गरिबाच्या पोराला ते जरा जास्तच शिकवलेलं असतं. मग तो हो म्हणतो. नंतर ‘कशाने मारलं’ विचारलं की काठी म्हणतो, साहेबांचा चेहरा उतरला की दगड म्हणतो, आणि चेहरा खुलेपर्यंत बोलत राहतो. शेवटी जो जबाब तयार होतो त्यात बारीकसारीक तपशील असतो, आणि तो वाचणाऱ्याला वाटतं, गुन्हा केल्याशिवाय एवढं कुणाला माहीत असणार?

१९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला, तिला मरणाच्या दारात टाकून दिलं. पोलिसांनी चौदा ते सोळा वयाच्या पाच मुलांना पकडलं. तासन्‌तास चौकशी झाली आणि चौघांच्या कबुल्या व्हिडिओवर घेतल्या गेल्या. त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. डीएनए त्यांच्यापैकी कुणाचाही नव्हता. तरी पाचही जणांना शिक्षा झाल्या, कारण ज्युरीने मुलांना स्वतःच्या तोंडाने सांगताना पाहिलं होतं. २००२ मध्ये दुसऱ्याच कैद्याने गुन्हा आपला असल्याचं सांगितलं आणि डीएनए त्याचाच निघाला. तोवर त्या मुलांची तारुण्याची वर्षं तुरुंगात गेली होती. कॅमेरा होता, पण तो कबुलीच्या वेळी सुरू केला होता. त्याआधीचे तास त्यात नव्हते. चौकशी पहिल्या मिनिटापासून रेकॉर्ड करा, हा ड्रिझिन यांचा आग्रह असल्याच अनुभवांतून आला. त्यांच्या इलिनॉय राज्याने २००३ मध्ये खुनाच्या चौकशीचं रेकॉर्डिंग सक्तीचं केलं, आणि २०२१ मध्ये अल्पवयीनांना खोटं सांगून फसवून कबुली घेण्यावर कायद्याने बंधन घातलं. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य.

इंग्लंडची गोष्ट याहून जुनी आहे. १९७२ मध्ये लंडनला मॅक्सवेल कॉनफेट नावाच्या माणसाचा खून झाला. अठरा, पंधरा आणि चौदा वर्षांच्या तिघांनी कबुली दिली. त्यातला मोठा बुद्धीने आठ वर्षांच्या मुलासारखा होता. तीन वर्षांनी अपील न्यायालयाने दोषसिद्धी रद्द केली, कारण मृत्यूची वेळ त्यांच्या कबुलीशी जुळतच नव्हती. त्यातून चौकशी झाली, राजआयोग बसला आणि १९८४ चा पोलिस व फौजदारी पुरावा कायदा आला. तिथे आता मुलाची चौकशी करताना त्याच्या बाजूचा एक प्रौढ माणूस शेजारी बसलेला असावा लागतो.

परदेशाचं पुष्कळ झालं. आपल्या विदर्भातल्या एका खटल्याच्या निमित्ताने हा विचार वेगळ्या वाटेने मांडला गेला होता. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिचं वय चौदा ते सोळाच्या दरम्यान होतं. आरोपी दोन पोलिस. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, म्हणजे प्रतिकार नव्हता, असा त्या निकालाचा सूर होता. १६ सप्टेंबर १९७९ ला उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. ठाण्याच्या चार भिंतींत, दिवा मालवलेला असताना, घरची माणसं बाहेर उभी असताना त्या पोरीच्या गप्प राहण्याला संमती कसं म्हणता, हा त्यांचा प्रश्न होता. त्या पत्रानंतर देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात स्त्रीने संमती नव्हती असं सांगितलं तर न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं, असं ठरलं.

मला नेहमी वाटत आलं आहे की त्या पत्राचा अर्थ त्या एका खटल्यापुरता नाही. ठाण्यातलं गप्प राहणं जर संमती होत नाही, तर ठाण्यातलं ‘हो’ म्हणणं कबुली कसं होईल? दोन्हीकडे खोली तीच आहे आणि माणसांमधलं अंतरही तेच आहे. चार प्राध्यापकांनी जे मुलीच्या मौनाबद्दल सांगितलं, ते मुलाच्या बोलण्यालाही तितकंच लागू आहे.

मुलांसाठीचा आपला कायदा कागदावर चांगला आहे, हे मी मोकळ्या मनाने सांगतो. बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये आला. त्याआधी २००० चा होता, त्याआधी १९८६ चा. १९८६ च्या कायद्यात मुलग्याचं वय सोळापर्यंत धरलं होतं, २००० मध्ये ते मुलगे-मुली दोघांसाठी अठरा झालं. अठराच्या आतल्या मुलाला पोलिस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला बाल कल्याण पोलिस अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यायचं, आईबापांना कळवायचं, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे उभं करायचं. या मंडळात एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांतली एक स्त्री असावीच लागते. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत तर इतकं बारीक सांगितलं आहे की मुलाला बेडी घालू नये, धाकदपटशा करू नये, आणि कुठल्याही जबाबावर सही करायला लावू नये. त्याच्या कबुलीची गरज कायद्याला नाही. ती घेण्याची सवय आपल्याला आहे.

दिल्ली विद्यापीठात प्राध्यापक राहिलेल्या वेद कुमारी यांनी या कायद्याचा आपल्याकडे सर्वांत खोल अभ्यास केला. त्यांचा २००४ चा ग्रंथ या विषयावर काम करणाऱ्या प्रत्येक वकिलाच्या टेबलावर असावा असा आहे. मुलाला दयेने वागवणं वेगळं आणि त्याचा हक्क म्हणून वागवणं वेगळं, हा त्यांच्या लेखनाचा गाभा. दया साहेबाच्या मनावर असते, हक्क कागदावर मागता येतो. २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलांना अतिगंभीर गुन्ह्यांत प्राथमिक मूल्यांकन करून प्रौढांसारखं न्यायालयात पाठवायची वाट उघडली, तिला वेद कुमारींनी विरोध केला. मलाही ती वाट धोक्याची वाटते. मुलगा त्या वेळी प्रौढासारखा विचार करत होता का, हे काही महिन्यांनंतर ठरवायचं, आणि ठरवताना बहुतेक वेळा पुढ्यात असतो तो पोलिसांनी घेतलेला जबाब.

सप्टेंबर २०१७ मध्ये गुरुग्रामच्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला. त्याच दिवशी शाळेच्या बसचा कंडक्टर पकडला गेला आणि त्याने कॅमेऱ्यांपुढे कबुलीही दिली. देशाने ती पाहिली. नंतर तपास सीबीआयकडे गेला आणि कंडक्टरचा काही संबंध नाही असं निघालं. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने त्याला मुक्त केलं. सीबीआयने त्याच शाळेतल्या अकरावीच्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतलं आणि त्यानेही कबुली दिल्याचं सांगितलं. ती दबावाखाली घेतल्याची तक्रार मग त्याच्याकडून झाली. एका खुनाच्या दोन कबुल्या. त्या मुलाच्या खटल्याबद्दल मी मत देणार नाही. पण पहिल्या कबुलीवर तपास थांबला असता तर एक गरीब कंडक्टर आज कुठे असता?

आता आपल्या शेजारच्या जिल्ह्याशी संबंध असलेला खटला. ५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळ बेलतगव्हाण इथे शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला. तिथल्या पाच जणांना मारलं, पंधरा वर्षांच्या मुलीवर आणि तिच्या आईवर अत्याचार केले. आई आणि एक मुलगा वाचले. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन भागातून भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. २००६ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत सहाही जणांना लावली. त्यातला एक जण घटनेच्या वेळी अठराच्या आत होता, हे चौकशीत निष्पन्न झालं ते फाशी कायम झाल्यानंतर. त्याचं नाव निकालाच्या मथळ्यावर छापलेलं आहे, पण मी ते घेणार नाही. अशा मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ मनाई करतं, आणि ते पाळायला मला कुणाचा हुकूम लागत नाही.

५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा उघडून सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या आईने घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळ्याच माणसांचे फोटो ओळखले होते. त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सांगितलं आणि चुकीचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाईचे आदेश दिले. सहा जणांची सोळा वर्षं गेली. आणि त्या आईचं काय? तिच्या लेकीला मारणाऱ्यांना शिक्षा झालीच नाही. चुकीचा माणूस आत जातो तेव्हा बरोबर माणूस बाहेर राहतो, हे आपण विसरतो. आरोपी सापडलाच पाहिजे म्हणून ठाण्यावर मोर्चा नेतानाही विसरतो. पोलिसांवर तो दबाव आपणच टाकतो, आणि त्याचा भार अखेर ज्याच्यामागे कुणी नाही त्याच्यावर पडतो.

दुसरा खटला पुण्याचा. ऑगस्ट १९९४ मध्ये एका घरातल्या पाच स्त्रिया आणि दोन मुलं मारली गेली. एक आरोपी माफीचा साक्षीदार झाला, त्याच्या कबुलीवजा साक्षीच्या आधारे इतर दोघांना फाशीची शिक्षा झाली. त्यांतल्या एकाचं वय कोर्टाच्या कागदांत विशीचं लागलं होतं. राजस्थानातल्या बिकानेर जिल्ह्यात जलबसर नावाचं गाव आहे. तिथल्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात त्याची जन्मतारीख होती १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे घटनेच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. पोलिसांच्या कागदांत त्याचं नाव एक लागलं, शाळेत दुसरं होतं, आणि ती दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे सिद्ध व्हायला २७ मार्च २०२३ उजाडला. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्याला अल्पवयीन ठरवून सोडलं. नागपूरच्या कारागृहातून तो बाहेर आला तेव्हा अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ आत काढलेला होता. बाल न्याय कायद्याने त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता आलं असतं. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या ‘प्रोजेक्ट ३९ए’च्या अभ्यासक-वकिलांनी चिकाटीने ते कागद शोधले, न्यायालयापुढे मांडले. त्याच्या गुन्ह्याबद्दल तुमचं मत काहीही असो. साडेबारा वर्षांच्या मुलाला फाशी सुनावणारी व्यवस्था कुठेतरी पहिल्याच पायरीवर चुकली होती.

पहिली पायरी म्हणजे वय विचारणं. कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रम दिला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. हाडांवरून वय अंदाजानेच सांगता येतं, वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होतात, आणि इथे सगळा फरक वर्ष-दोन वर्षांचाच असतो. अल्पवयीन असल्याचा मुद्दा खटल्याच्या कुठल्याही टप्प्यावर, शिक्षा झाल्यानंतरही मांडता येतो. पण मांडायला कागद लागतो.

म्हणून जिल्हा परिषद शाळेचं ते जाडजूड जनरल रजिस्टर डोळ्यांपुढे आणा. विद्यार्थ्याचं नाव, आईचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी, जन्मतारीख अक्षरी, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. कडा कुरतडलेल्या, शाई फिकी झालेली, कुठे पान पावसाच्या पाण्याने चिकटलेलं. आणि जन्मतारखेच्या रकान्यात पानामागून पान एकच तारीख: १ जून. इथे बसलेल्या पन्नाशीच्या पुढच्या लोकांपैकी कितीजणांचा कागदावरचा वाढदिवस १ जूनला येतो, ते तुमचं तुम्हाला माहीत आहे. पोराचा जन्म पोळ्याच्या आसपासचा की दिवाळीनंतरचा, हे आई सांगायची. शाळा जूनमध्ये उघडायची. पहिलीत घ्यायला सहा वर्षं पूर्ण हवीत. गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. हेतू चांगला होता, मूल शाळेत आलं पाहिजे हाच होता. पण वर्षभर वाढवून लिहिलेलं तेच वय पुढे सतराच्या पोराला कागदावर अठराचं करतं आणि बाल न्याय मंडळाऐवजी मोठ्यांच्या कोर्टात, मोठ्यांच्या तुरुंगात नेतं.

आता जन्मनोंदणी सक्तीची आहे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशासाठीही जन्मदाखलाच लागणार आहे. चांगली गोष्ट आहे. पण ज्यांचं पाल आज मेहकरला, उद्या मंठ्याला पडतं, ज्यांच्या बाया उसाच्या फडात बाळंत होतात, त्यांच्या मुलांची नोंद कोण करणार? कबुली देणारी मुलं बहुतेक त्याच घरांतली असतात. याच्या उलट टोकाचं उदाहरण पाहा: मे २०२४ मध्ये पुण्यात एका श्रीमंत घरातल्या अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली एक तरुण आणि एक तरुणी मेली, त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन मिळाला, आणि सगळा महाराष्ट्र बाल न्याय कायद्यावरच चिडला. तो राग मला समजतो. पण त्या मुलाच्या घरच्यांना त्याचं वय आणि हक्क पहिल्या तासाला ठाऊक होते. पालावरच्या पोराच्या बाबतीत तेच कायद्याचं कलम कुणाला आठवत नाही. कायदा त्याच्यासाठी वापरलाच गेला नाही, आणि शिव्या मात्र कायद्याला बसतात.

सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंह सैनी खटल्यात प्रत्येक पोलिस ठाण्यात सीसीटीव्ही बसवायला सांगितलं आहे, चित्रण किमान वर्षभर जपून ठेवायला सांगितलं आहे. तुमच्या माणसाला ठाण्यात नेलं आणि काही वावगं घडलं असं वाटलं, तर लेखी अर्ज करून ते चित्रण जपून ठेवण्याची मागणी करा. अर्जाची पोच घ्या. तोंडी मागितलेलं काही उरत नाही.

मुख्याध्यापकांना आणि ग्रामसेवकांना माझी हात जोडून विनंती आहे. जुनी रजिस्टरं बाहेर काढा, त्यांचं स्कॅनिंग करून घ्या, फाटलेली पानं बांधून घ्या. गावाजवळ पाल पडलं तर तिथे जाऊन मुलांची नोंद करा, त्यांची नावं शाळेत घाला. पोलिस पाटलांनी गावातलं मूल उचललं गेल्याचं कळताच आईबापांबरोबर ठाण्यात जावं, पहिल्या वाक्यात वय सांगावं, शाळेचा दाखला पुढे ठेवावा, आणि मूल कोठडीत नाही ना, हे डोळ्यांनी पाहावं. वकील परवडत नाही म्हणून कुणी गप्प बसू नये. अठराखालच्या प्रत्येक मुलाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१०० आहे आणि मुलांसाठीचा १०९८. दोन्ही फोन फुकट लागतात. हे दोन नंबर उद्या सकाळी शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्या.